रेंजच्या बाहेर

वाशीच्या सतरा सेक्टरमधल्या त्या दुकानात
एसी इतका, की खोक्यांनाही काटा यावा.
पोरानं विचारलं, वय काय मुलीचं?
म्हटलं, उद्या नऊ पूर्ण.
मग त्यानं वयाप्रमाणे जग खाली उतरवलं,
आठच्या पुढं ज्वालामुखी,
दहाच्या पुढं रोबो,
बारा सरले की मॅडम, दुर्बीण, स्टँडसकट.

ज्वालामुखी मी कानाशी हलवून पाहिला.
आत खायचा सोडा आणि लाल रंगाची पुडी,
बाराशे नव्व्याण्णव.
रोबोच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं
‘सोल्डरिंगची गरज नाही’.
ते मात्र लागलं जरा.
अकरा वर्षं रबाळेच्या शेडमध्ये
भिंगाखाली मी तेच करते आहे.
बोटांच्या टोकांना आता गरम कळतही नाही,
पण जॉइंट कळतो.
एखादा वरून चकचकीत असतो, जागच्या जागी असतो,
आणि आतून सुटलेला.
त्याला आम्ही ड्राय म्हणतो. बाजूच्या ट्रेमध्ये टाकतो.

सुदाम आणि मी तसेच आहोत,
घणसोलीच्या खोलीच्या डिपॉझिटपासून.
भाऊबीजेला ओवाळते. तो पाकीट ठेवतो.
त्यापलीकडे शब्द नाही.

दुकानातून रिकाम्या हातानं निघाले,
कोपरखैरण्याला थॉमसचेट्टनकडे गेले.
तिथं खेळण्यातलं काही नाही,
पंख्याचे कंडेन्सर, वायरची भेंडोळी,
आणि काउंटरवर त्याचा अर्धा उघडा रेडिओ.
पिवळा मल्टिमीटर, तीनशे दहा. सेल वेगळा.
‘मुलीला? खेळायला?’
नाही, म्हटलं. मोजायला.

वहिनीनं कागद सोडवून उलटसुलट पाहिलं.
‘छान आहे,’ म्हणाली, आणि माझ्यापुढं ताट सरकवलं.
हर्षालीला आधी शपथ घातली,
भिंतीतल्या प्लगच्या वाटेला जायचं नाही, कधीच नाही.
मग ती जी सुटली!
रिमोटचे सेल काढले. एक पूर्णांक एक.
‘आत्या, हा संपत आलाय पण ह्याला कुणी सांगितलं नाहीये.’
लिंबाला जस्ती खिळा टोचला, पलीकडून तांब्याची तार,
मागच्या वर्षीच्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं:
लिंबू ०.९१
टोमॅटो ०.८४
केक काहीच नाही (दोनदा बघितलं)

केक कापून झाल्यावर तिला माणसं मोजायची होती.
बाबा लाल टोक धरा. आत्या, तू काळं.
आता उरलेले हात एकमेकांना द्या.
सुदामनं पंख्याकडे पाहिलं.
मी हाताला क्रीम लागलंय असं काहीतरी म्हणाले.
‘द्या ना!’

दिला. पाच वर्षांनी.
स्क्रीनच्या डाव्या कडेला नुसता एक.
‘फक्त एक?’
तो आकडा नव्हे गं. म्हणजे दोघांमधला अवरोध
ह्याच्या रेंजच्या बाहेर आहे.
‘म्हणजे जोडलेलंच नाही?’
जोडलेलं आहे. मीटर छोटा आहे.

तिनं थोडा विचार केला, ओठ चावत,
आणि जाऊन फुलपात्रात पाणी आणलं.
आमची बोटं त्यात बुडवली, एकेक करून,
शाळेत सही करणाऱ्यांची शाई लावावी तशी गंभीरपणे.
पुन्हा धरा.
सोळाशे चाळीस.
सोळाशे दहा, सोळाशे चाळीस,
आकडा नाचत होता, तो नाचतोच,
मी तिला सांगतही होते, घाम, ओल, त्वचेची जाडी,
माझ्या बोटांवर किती भाजल्याचे डाग आहेत ते,

आणि तेवढ्यात तो उतरू लागला.
पंधराशे. तेराशे. बाराशे दहा.
घट्ट दाबलं की अवरोध कमी होतो,
हे मी तिला अजून शिकवायची होते.

मी दाबला नव्हता.

हर्षाली वहीत आकडा लिहीत होती.
मान वर न करता ओरडली,
‘कोण हललं? हलू नका,
आत्ता कुठं नीट यायला लागलंय!’