तळटीप

नदी गोठली की इथे दोन देश चालत भेटतात.
पूल उरतो मोटारींपुरता,
आणि माझ्यासारख्यांपुरता, ज्यांच्या बुटांना
राजधानीच्या डांबराची सवय.

मला धाडलं होतं तुलना करायला:
शाळा संपल्यावर हाताचं काम शिकणाऱ्या पोरांवर
अलीकडचं सरकार किती खर्चतं, पलीकडचं किती.
दोन रकाने. दरडोई, दरसाल.
एकात युरो, एकात क्रोना.
विनिमयाचा दर मी तळहातावर लिहून नेला होता.
मोजे काढले तेव्हा तो घामाने पुसला होता.

तोर्नियोच्या कार्यशाळेत वेइक्को हिएतानिएमी,
वेल्डिंगचा मास्तर, एक भुवई कायमची जळालेली,
म्हणाला, घ्या लिहून: गॅस, रॉड, हातमोजे,
छपरातला पंखा, माझा पगार,
आणि कॉफी. कॉफी शाळेच्याच खात्यातून येते.
बेरीज भरघोस आली.
तो तिच्याकडे बघत राहिला,
दुसऱ्याच्या काट्यावर आपलं वजन बघावं तसा.

पलीकडे हापारांदात स्तूरे,
वेइक्कोच्या बहिणीचा नवरा, त्याच धंद्यातला.
गॅस? तो कारखाना देतो, म्हणाला.
रॉड कारखान्याचे, यंत्रं कारखान्याची,
आठवड्यातले तीन दिवस पोरंही कारखान्याचीच.
सरकारी खात्यात मी आहे, हा फळा आहे,
आणि हा रेडिएटर, तोही अर्धाच तापतो.
बेरीज चिमूटभर.
मंत्रालयात कुणी वाचली तर वाटावं,
या काठावर पोरांना कुणी वाली नाही.

आणि त्याच खोलीत, खिडकीशी,
ते हिरवं लेथ मशीन.
बुडाशी वेइक्कोच्या शाळेचा पत्र्याचा बिल्ला अजून शाबूत.
अलीकडच्या वहीत ते भंगार म्हणून वजा,
पलीकडच्या वहीत देणगी म्हणून जमा, किंमत शून्य.
मधल्या एका मार्चच्या पहाटे
दोघा मेव्हण्यांनी ते घसरगाडीला बांधून
बर्फावरून ओढत नेलं होतं,
शिव्या घालत, मध्येच थांबून हसत.
त्या ओढण्याची पावती नाही.
खालचा बर्फ करकरला असणार,
त्याचीही नाही.

मिर्वा तिथेच भेटली. तेवीस वर्षांची,
राहते अलीकडे, शिकते पलीकडे.
नऊला वीस कमी असताना घर सोडते,
पूल ओलांडून पोचते तेव्हा आठला पाच कमी असतात.
सकाळी मिळालेला हा तास
संध्याकाळी पूल परत घेतो, बिनव्याजी.
काय करतेस गं त्या तासाचं?
तिने काचेचा मुखवटा वर सारला.
काही नाही. फुकटचा आहे,
म्हणून कुणाला सांगत नाही.
मग मुखवटा पाडून ती पुन्हा ठिणग्यांत गेली,
आणि मी, सवयीने, डोळे मिटले.

रात्री हॉटेलच्या टेबलावर कागद पसरले.
एक: उद्योगांचा वाटा वगळून.
दोन: पंखा धरून.
तीन: 'विद्यार्थी' या शब्दाचा अर्थ
नदीच्या दोन्ही काठांना सारखा नाही.
सातव्या टिपेपर्यंत अर्धं पान बुडालं,
वर तरंगत राहिले फक्त दोन आकडे,
एक जाडजूड, एक किडकिडीत,
एकमेकांना न ओळखणाऱ्या पाहुण्यांसारखे.

साहेबांचा फोन आला.
तपशील राहू दे, सिर्का. जास्त कोण खर्चतं?
एका वाक्यात सांग.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
साहेब, आपल्याकडे साडेअकरा वाजलेत,
त्यांच्याकडे साडेदहा.
ते म्हणाले, झोप आता.

आमच्या खात्याचा एक जुना नियम आहे:
काहीच खर्चलं नसेल तर शून्य लिहायचं,
कुणी विचारलंच नसेल तर आडवी रेघ.
चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बापाने
थंड तळघरांत कुणाच्या तरी हाताखाली
नळ जोडायला शिकून घेतलं, दातात टॉर्च धरून.
त्या वर्षीचा तक्ता मी एकदा काढून पाहिला होता.
त्या चौकटीत शून्य होतं.

मी पेन्सिल घेतली.
तक्ता यंदाचा होता, माझ्या हातात काही नव्हतं,
तरी समासात, फार जोर न देता,
एक रेघ ओढून ठेवली.