वाफ

एकोणसत्तर डॉलर, वर चामड्याचा पट्टा फुकट.
हार्डवेअरच्या दुकानात, बर्फ उपसायच्या फावड्यांशेजारी
पिंपात उभ्या होत्या वीस-पंचवीस,
ओल्या छत्र्या ठेवाव्यात तशा.
बाबांनी एकेक उचलली, एक डोळा मिटून नळीत डोकावले,
आणि सगळ्यांत वाईट होती ती घेतली.
"चांगलीला माझी काय गरज?"

त्या हिवाळ्यात लोखंडाची खाण बंद होती.
सरोवर गोठलेलं, गॅरेजच्या खिडकीपर्यंत बर्फ.
आत रॉकेलची शेगडी, आणि बाबा
जुन्या काकवीसारखं ग्रीस
लाकडाच्या रेघारेघांतून काढत बसलेले.
आधी चिंध्या. मग उकळतं पाणी.
मग आईचा केस वाळवायचा ड्रायर
(तो पुन्हा घरात आला नाही).
पन्नास वर्षांचं ग्रीस.
त्याला बंद पेटीचा वास होता,
आणि आमच्या टॉवेलांना त्याचा, जूनपर्यंत.

पोलादावर रशियन कारखान्याचा तारा,
त्याच्या जरा वर, तिरपी,
फिन्निश सैन्याने ठोकलेली चौकट.
"म्हणजे हिने बाजू बदलली," शेजारचा डेल्मर म्हणाला.
"हिला कुणी विचारलं होतं?" बाबा म्हणाले.
बाबांचे काका, उर्हो, त्याच जंगलात राहिले.
घरात त्यांचा एकच फोटो आहे,
स्कीवर उभे, आणि नेमके डोळे मिटलेले.

मग ओला टॉवेल, त्यावर आईची इस्त्री.
फुस्स.
"हे बघ, रित्वा," त्यांनी मला जवळ ओढलं,
"हा खड्डा आहे. इथे लाकूड नुसतं दबलंय,
तंतू सगळे जागेवर आहेत.
वाफ दिली की पाणी प्यायलेल्या वाटाण्यासारखं वर येतं.
आणि ही चीर. इथलं गेलंय.
हिला कितीही वाफ दे."
मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं,
ते लाकडाबद्दल बोलतायत.
अजूनही वाटतं, ते लाकडाबद्दलच बोलत होते.

गाल टेकतो त्या बाजूला
कुणीतरी चाकूच्या टोकाने दोन अक्षरं कोरलेली, ए आणि के,
तिसऱ्याची फक्त उभी रेघ.
आई म्हणाली, "आपल्यातला असेल. आर्मास. आर्तुरी."
"किंवा त्यांच्यातला अलेक्सेय," बाबा म्हणाले.
"ही दोन्ही अक्षरं दोन्ही लिप्यांत
सारखीच काढतात."
तिसऱ्या अक्षराने उलगडा झाला असता.
तिथेच बहुतेक कुणी हाक मारली,
किंवा जेवणाची वेळ झाली. काय माहीत.

डेल्मरने पॉलिश पेपर आणून दिला, जाडा आणि बारीक.
"दोन तासांचं काम, एईनो. नव्यासारखी होईल."
बाबांनी बारीक ठेवून घेतला,
त्याने दाराची बिजागरी घासली.

जवसाचं तेल तळहाताने, दिवसाला एक हात,
लाकूड प्यायचं थांबेपर्यंत.
अक्षरांपाशी आले की अंगठा उचलायचे.
मार्चमध्ये तो दस्ता
जंगलातल्या चहाच्या रंगाच्या ओढ्यासारखा दिसू लागला.
नळीचे पीळ मात्र झिजले ते झिजलेच.
आतून ती धुराड्यासारखी काळी राहिली.

बर्फ वितळल्यावर खडीच्या खाणीत गेलो.
शंभर पावलांवर कॉफीचा डबा.
बाबांनी पाच गोळ्या झाडल्या.
डब्याला एकही लागली नाही,
एक कुठे गेली ते तर अजून कळलेलं नाही.
खांदा चोळत ते इतके हसले
की डेल्मरला वाटलं काही लागलंबिगलं.

आणि ईस्टरच्या सकाळी
त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर
इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग.
आईने नख लावून पाहिलं, वास घेतला,
इस्त्री मिठाने घासली, शर्टाला लिंबू लावलं.
डाग हलला नाही.
"वरून स्वेटर घाल," ती म्हणाली,
"आणि चर्चमध्ये तापलं तरी काढू नकोस."

तापलं.
नाही काढला.