दहा-शून्य

मोठा उपास सुरू झाला आणि गोंदरमध्ये
बकऱ्यांचे डोळे मिळेनासे झाले.
पंचावन्न दिवस मांस नाही, दूध नाही, अंडं नाही.
खाटकांच्या फळ्या धुऊन उभ्या केलेल्या,
आणि आम्हा चौघांच्या टेबलांवर
थर्माकोलचे रिकामे खळगे.
डॉक्टर असनाकेच म्हणाल्या, टोमॅटो आणा.

टोमॅटो रडत नाही, पापणी मिटत नाही,
पण सुई जरा तिरकी गेली
की लगेच चुगली करतो:
एक थेंब, एक बी.

मी दाभणाच्या घरातली.
वडील बाजारात तेफची पोती शिवायचे,
दाभण तळहाताने रेटायचे, सुतळी दातांनी तोडायचे.
त्यांचंच बळ उतरलंय माझ्या मनगटात
आणि इथे बळाला कुणी विचारत नाही.
इथला धागा दहा-शून्य.
एक केस उभा चिरून त्याचे तीन केले
तर त्यातला एक.
काळा आहे म्हणतात. मी शिंकले,
आणि अर्धा तास चौघं जण
फरशीवर ओणवे होऊन शोधत होतो.

'सुई टोकाशी धरू नकोस, बुडाशीही नको.
उभी घाल. मनगट फिरव, कोपर कशाला नाचवतेस?
खोल जा, पण आरपार नाही.
पहिल्या गाठीला तीन वेढे, मग एक,
मग उलटा एक.'
मी कॉफीच्या फेऱ्यांसारखं मोजते:
अबोल, तोना, बरका.
पहिली घट्ट, दुसरी मवाळ, तिसरी नावापुरती.
(कॉफीला मात्र सकाळी बंदी.
जिचा चिमटा थरथरतो, तिचं तोंड
असनाकेच हुंगून बघतात.)

चौथ्या आठवड्यात मी अदिस अलेमला गेले,
नुरेदिनच्या दुकानात. त्याचा उपास वेगळ्या महिन्यात.
सहा डोळे द्या, म्हटलं.
कशाला?
शिवायला.
त्याने पिशवीत वाकून पाहिलं. फाटलेत कुठे?
आधी फाडणार, मग शिवणार.
त्याने पैसे पूर्ण घेतले,
वर माझ्याकडे असं पाहिलं
की सुरी त्याच्या नव्हे, माझ्या हातात आहे.

बोकडाची बाहुली आडवी असते,
पत्रपेटीच्या फटीसारखी.
तिच्याकडे न बघता मी बुबुळावर चीर दिली
आणि टाका घातला, आवळला.
काच असावी तसं ते बुबुळ
दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं.
'ओढलंस,' मागून आवाज.
'आता याला सगळे डोंगर कलते दिसणार.'
सोडला तर पाणी झिरपलं.
ओढणं आणि सोडणं यांच्या मधे
जी जागा आहे ती कुणी दाखवत नाही.
सहा डोळे संपले. मी पुन्हा गेले.
नुरेदिनने यावेळी काही विचारलं नाही.

ईस्टर झाल्यावर अयालनेश आल्या,
निलगिरीचं लाकूड फोडताना ढलपी उडालेल्या.
पाच टाके लागणार होते.
असनाकेचनी दोन घातले, खुर्ची सरकवली:
तिसरा तुझा.
हिरव्या कापडातल्या भोकात फक्त एक डोळा,
आणि त्याची बाहुली गोल होती.
याची तयारी कुणी करून घेतली नव्हती.
हात थरथरला. मी थांबले.
थरथर दमली, तेव्हा सुई घातली.
तीन वेढे, एक, उलटा एक.
'हं,' असनाकेच म्हणाल्या,
आणि खुर्ची परत घेतली.

पावसाळा सरला, डोंगरांवर पिवळी फुलं आली.
तेव्हा तो टाका मीच काढला.
कापूसपट्टीवर ठेवला, नोंद करायला वळले,
वळून पाहते तो नाही.
अयालनेशनी डोळा उघडला, मिटला, उघडला.
मी वाट पाहत होते,
कशाची, ते सांगायला लाज वाटते.
त्या म्हणाल्या, 'मुली,
तुझ्या कोटाचं दुसरं बटण लोंबतंय.'

ते अजून तसंच आहे.
घरात सुई आहे, दोराही आहे.
पण हातात धरली की
दाभणासारखी लागते.