एकच खिळा

करारनाम्यातलं कलम अकरा :
भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत.
सही करताना मी थांबले, चष्मा पुसला.
एजंट म्हणाला, मावशी, दीड-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.

एरंडवण्याची आमची बिल्डिंग पाडतायत.
भांडी-कपाटं टेम्पोतून आली वारज्याला,
चित्रं मात्र रिक्षाने, चार खेपांत,
जुन्या लुगड्यांत गुंडाळून, मांडीवर.

आता ती खाली उभी आहेत, भिंतीला पाठ टेकून,
रेशनच्या रांगेत दमलेल्या माणसांसारखी.

चाळीस वर्षं मी पोरांना डबे दिले.
ज्याच्याकडे पैसे नसत, तो काहीतरी आणून देई.
बेहरूजने दिली आजोबांच्या हमामातली निळी फरशी,
एक कोपरा उडालेली.
तेस्फायेने, अदिसला कायमचा परत जाताना,
लाकडावर रंगवलेली मेरी, हे एवढाले डोळे.
टिळक रोडवर चित्रकला शिकणाऱ्या भालेरावने
कोळशाने काढलेली उघडी बाई,
दोन महिन्यांची उधारी, वर एक गोडाचा डबा.
आणि बुधवारी जुन्या बाजारात
मी माझ्या पैशांनी घेतलेली
गंजिफाची दोन पानं : मत्स्य आणि कूर्म.
बाकीचा डाव कुणाच्या हातात राहिला कोण जाणे.

बघायला मला शिकवलं फ्रेमवाल्या मोमीनमामांनी.
म्हणायचे, चित्राभोवती अंगण सोडा ताई,
थेट चौकटीला भिडवलं की जीव घुसमटतो त्याचा.
कुणाशेजारी कोण, हे ठरवायला
मला एकदा अख्खा चातुर्मास लागला होता.
मेरी आणि उघडी बाई समोरासमोर नकोत,
असं यजमानांचं मत.
मी शेजारी-शेजारी लावल्या. छान जमलं दोघींचं.

इथे फरशी पुसताना सुलभा उकिडवी बसते
आणि नेमकी मेरीच्या नजरेला नजर भिडते.
काल म्हणाली,
आजी, ह्या बाईला झोप लागत नाही का हो?
मी तिच्याशेजारी बसले.
इतकी वर्षं मान वर करून बघितलं;
खालून, समोरून, हा थकवा दिसलाच नव्हता.

परवा सापडला : स्वयंपाकघराच्या दारावर
आधीच्या भाडेकरूचा एक खिळा, कॅलेंडरचा असावा.
तो मी ठोकलेला नाही.
मेरी लावली, तर आमटी करपल्यासारखी गॅसकडे बघते.
फरशीचं वजन त्याला पेलवेना.
उघडी बाई? पाच तारखेला मालक येतात.

शेवटी खानावळीचाच नियम लावला,
सगळ्यांना मिळेल, पण पंगतीपंगतीने.
आज मत्स्याची पाळी.
कूर्म खाली आहे, चपलांच्या रॅकशेजारी,
त्याला कसली घाई.