दोन मिनिटांचा परिचय

रिसबूड म्हणाले, दोन मिनिटांत बसवा.
मंडळाचा सत्कार, वेकफिल्डच्या चर्चच्या हॉलमध्ये,
सातला बटाटेवडे, साडेसातला शाल-श्रीफळ
(नारळ लीड्सहून येईल, नाहीतर अननस).
आधी पदव्या, मग संशोधन, शेवटी समाजसेवा,
आणि सुश्रुताचा उल्लेख हवाच.

तर बसलोय लिहायला, मी, शरयूचा नवरा,
हिशेबनीस माणूस, रकान्यांपलीकडे काही येत नाही.

शिक्षण: मिरज, मग एडिंबरा, मग इथे.
मधली तीन वर्षं कागदावर नाहीत.
तात्पुरत्या नेमणुका, भाड्याच्या खोल्या,
रात्री केळ्याच्या सालीवर घातलेले टाके.
सकाळी डब्यात मी शिवलेली केळी नेली आहेत.

विशेष प्रावीण्य: भाजलेली त्वचा.
सासूबाई फोनवर अजून विचारतात,
अगं, पण आत प्लास्टिक नेमकं कुठे भरतेस?
आणि मंडळातल्या बायका पानं वाढता वाढता
हळूच हनुवटी पुढे करतात.

संशोधन.
व्रण मोजायचा एक तक्ता असतो.
त्यात लाल, गुलाबी, फिकट.
उमैमाचा दंड त्या तक्त्यात कुठेच नव्हता.
तीन वर्षांची असताना ओढलेली चहाची किटली;
व्रण कडेला काळपट, मध्ये जांभळट राख,
आणि तक्ता म्हणाला, लाली नाही, म्हणजे बरं आहे.
बरं नव्हतं.
त्या रात्री भांडी विसळताना तिनं विचारलं,
गव्हाळला इंग्रजीत काय म्हणशील?
निमगोरा? सावळा? काळासावळा?
मी म्हटलं, हे तर स्थळांच्या जाहिरातीतले शब्द.
म्हणूनच, ती म्हणाली,
इतकं बारीक दुसरं कोण मोजत होतं?
(आमच्या वेळी तिच्या आईनं ‘गव्हाळ’ लिहिलं होतं.
ती सावळी आहे. मी तक्रार केलेली नाही.)
सहा वर्षं. चारशे अकरा हात, पाय, गळे.
निबंध छापून आला त्या संध्याकाळी
ती जिन्याच्या खालच्या पायरीवर झोपली होती,
बूट न काढता.

इथे रुबार्ब अंधारात वाढवतात,
लांबलचक बुटक्या शेडमध्ये; तोडतात मेणबत्तीच्या उजेडात.
मिस्टर थ्वेट, बॉयलरनं पाठ भाजलेले,
म्हणाले, कान दिला तर वाढताना ऐकू येतं.
लावलेल्या कातडीला तेवढाही आवाज नाही.
पाच दिवस पट्टी उघडायची नाही,
आत धरतेय की सुटतेय, कळत नाही.
चौथ्या रात्री ती घरातही फारसं बोलत नाही.
थ्वेटांची पाठ धरली. दर फेब्रुवारीत
दाराशी एक जुडी असते, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
आमच्या आमटीत आता आमसूल नसतं.
ज्यांची धरली नाही, त्यांची जुडी येत नाही.
ती नावं तिला पाठ आहेत.
ती मी विचारत नाही.

समाजसेवा म्हणजे ऑगस्टमधला एक आठवडा,
डोंगरातलं तळं, तंबू, भाजलेली तीस मुलं.
पहिल्या दिवशी कोणी शर्ट काढत नाही.
ती काठावर संत्री सोलत बसते,
चला, पोहा, असं काही म्हणत नाही.
मी ब्रेडचे हिशेब ठेवतो.
तिसऱ्या दिवशी उमैमा आली, आता नऊ वर्षांची,
बाही वर करून दंड हिच्या नाकाशी धरला.
हे तू शिवलंस?
हो.
वाकडं आहे.
हिनं हात पुसले, चष्मा लावला,
दंड उन्हाकडे वळवून पाहिला, बराच वेळ.
हो गं, इथे वाकडं गेलंय.
तेवढ्यानं पोरीचं समाधान झालं.
ती पाण्यात गेली, ओरडली, फार गार आहे,
आणि मग गवतावर शर्ट, एक, आणखी एक,
एक मोजा,
मी मोजत होतो, अठराला चुकलो.

रिसबूड, दोन मिनिटं झाली, सुश्रुत राहिला.
शाल मात्र चांगली आणा.
हातात आलेलं कुठलंही कापड
ती आधी उलटं करून
शिवण बघते.