चौथा ठोका

रेवडी आडवी पडली आहे
जिनिंगमधून मागून आणलेल्या रुईच्या गाद्यांवर.
वरातीतल्या सुतळी बॉम्बची एक चिंधी
तिच्या उजव्या डोळ्यात.
नागपूरहून आलेले सर डोळा शिवणार,
आणि शिवायचा तर डोळा थांबला पाहिजे,
म्हणून स्नायू सैल करणारं औषध मी दिलं.
बुबुळ मधोमध आलं, थांबलं.
श्वासही थांबला.
तो मी हातात घेतला:
रबरी पिशवी दाबायची, सोडायची, दाबायची.

गालाच्या नसेवर चिमटे लावलेत.
यंत्र चार ठोके देतं,
ओठ किती वेळा हलतो ते मोजायचं.
शेवटचा टाका पडला तेव्हा तीन मोजले होते.
चौथा वाटेत असेल.

मग सवयीनं, जखम चिघळू नये म्हणून,
शिरेतून जेंटामायसिन.
हळूच दिलं. मायेनंच दिलं.

दोन.
एक.
काही नाही.

दोन्ही औषधं सज्जन.
पण एक आधीच स्नायूच्या दारात पाय पसरून बसलेलं,
आणि दुसरं नसेकडे जाऊन
निरोप्याला घरातूनच निघू देईना.
हे मी वाचलं होतं. त्या ओळीखाली
पेन्सिलची रेघही ओढली होती.
परीक्षेत आलं नाही.

"हाय ना जी तिच्यात जीव?"
खिडकीच्या जाळीला नाक लावून सुखदेव नेवारे.
आहे, म्हटलं. मोजायला वेळ लागतोय.

कॅल्शियम सोडलं, थेंब थेंब, छातीचे ठोके ऐकत.
बाहेर संत्र्यांचा ट्रक मागे येताना
तेच ते गाणं वाजवत राहिला.
पिशवी. पिशवी.
बोटांत गोळे आले. परिचर म्हणाला, द्या इकडे.
मी दिली नाही.

ओठाचा कोपरा हलला.
माशी असेल म्हणून माशी हाकलली.
पुन्हा हलला.

चाळीस मिनिटांनी चौथा.
मग तिनं आपला श्वास माझ्याकडून नेला,
उसनं दिलेलं भांडं परत नेतात तसा,
काही न बोलता.

तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली, भिंतीला टेकून.
"काय झालं होतं जी?"
मी सांगू लागले, दोन औषधं असतात, एक...
तो मधेच म्हणाला,
"अठराची वरात घेतली हाय.
डोळ्यावर झालर सोडली त दिसन काय?"

रात्री केसपेपरवर वेळ लिहिली, मात्रा लिहिली.
दोन नावांच्या मध्ये पेन अडलं.
भाकरीचं पीठ मळताना हात
दाबत होता, सोडत होता,
दाबत होता.