संमतीवाचून

सरदाचं भात घरी गेलं की
मयेत शेताचं मैदान होतं.
खुंटं पायाला टोचतात,
चेंडू उसळेल की सरपटेल हे चेंडूलाही ठाऊक नसतं,
आणि सीमारेषा म्हणजे बांध.
बांधापलीकडे देऊबायची मिरची.
तिच्यात चेंडू टाकला तर षटकार नाही, बाद.
हा आमचा नियम, पुस्तकात नाही.

पुस्तक सिनारी मास्तरांकडे.
प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर,
पानांना काजूबियांचा वास.

मी झाडाखाली, मांडीवर वही.
समोर अस्नोड्याचा संघ.
आमचे सात गेलेले, चौतीस हव्यात,
आणि बॅट घेऊन उल्हास च्यारी,
डिचोली-म्हापसा बसचा कंडक्टर.
ह्याने कुणाचा रुपया ठेवला नाही कधी.
उतरून चार पावलं गेलेल्याला
खिडकीतून हाक मारील,
सुटे हातात ठेवील, मगच शिटी.

गोलंदाज सांतान. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा.
उल्हासने मान खाली घालून चेंडू थोपवला.
तो तिथंच पायाशी बसला.
सांतान गुडघा धरून वाकू लागला,
तेवढ्यात उल्हासने चेंडू उचलला
नि त्याच्या तळहातावर ठेवला.
सुटे ठेवतात तसा.

"हावझॅट!"
मागून यष्टिरक्षक, सतरा वर्षांचं पोर.
सगळे हसले.
मास्तर हसले नाहीत.
रबर काढलं, चष्मा पुसला, पान काढलं:
चेंडू जिवंत असताना
क्षेत्ररक्षकाच्या संमतीवाचून तो परत करील, तर बाद.
"विचारलं होतंस?"
"ना," उल्हास म्हणाला.
बोट वर गेलं.
ते थोडं थरथरलं, असं मला वाटलं,
पण मी लांब होतो.

सांतानचं तोंड कडू.
त्यांचा कप्तान सावियो धावत आला,
"मास्तर, अपील मागे घेतो!"
घेता येतं. तेही पुस्तकात आहे,
फलंदाज मैदानात असेपर्यंत.
आम्ही बोंब ठोकली, उल्हास, राव रे, राव!
पण बाद म्हटल्यावर
उभा राहणारा माणूस तो नव्हे.
मागे वळला तेव्हा
देऊबायच्या मिरचीत उभा होता.

नऊ धावांनी हरलो.
असा बळी गोलंदाजाच्या नावावर धरत नाहीत,
मास्तरांनी सांगितलं.
मग कुणाच्या?
कुणाच्याच नाही.
वहीत तेवढी जागा मी कोरी ठेवली,
खाली पेन्सिलीने लहानसं लिहिलं, "सौजन्य",
मग खोडलं.

सोमवारी सांतान अस्नोड्याला बसमध्ये चढला.
वीसची नोट, पंधराचं तिकीट.
उल्हासने पाचाचं नाणं काढलं,
हात पुढे केला
आणि मध्येच थांबवला.
"दिवूं?"

सांतानने खिडकीबाहेर पाहिलं.
कोलवाळची नदी आज कशी आहे, वगैरे.
नाणं तसंच हवेत,
थिवीच्या वळणापर्यंत.